विडो फोर्क

लिओटा हॅकवर्थच्या स्वयंपाकघरात
टेबलावर तीन नकाशे अंथरलेत,
एकाच मुलखाचे:
एकोणीसशे अकरा, अठ्ठावन्न, चौऱ्याहत्तर.
कोपरे वळू नयेत म्हणून मिठाची बरणी,
तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बसच्या किल्ल्यांचा जुडगा,
आणि चौथ्या कोपऱ्यावर माझं कोपर.

मी काउंटीच्या आरोग्यखात्यात. विहिरींचं पाणी तपासते.
बुजलेल्या विहिरी शोधायच्या म्हणून पहिल्यांदा आले होते,
आता मिझुरीतले माझे सगळे शनिवार इथे जातात.

तपकिरी रेषा, अंगठ्याच्या ठशासारख्या.
आठवीच्या भूगोलात त्या समोच्च होत्या,
दोन गुणांपुरत्या पाठ केलेल्या.
इथे त्या चढताना धाप लागते.

काळा चौकोन म्हणजे घर.
चौकोनावर निशाण म्हणजे शाळा.
तुटक रेघ म्हणजे असा रस्ता
ज्याची हमी सरकार देत नाही.
"एकतीस वर्षं मी तुटक रेघांवरून बस नेली,"
लिओटा म्हणते,
"पोरांना कुणी सांगितलं नव्हतं तुटक आहे म्हणून."

चौऱ्याहत्तरात जांभळी शाई येते.
जांभळं म्हणजे विमानातून दिसलेलं,
खाली उतरून कुणी खातरजमा केली नाही.
जांभळं तळं, जांभळी खाण,
आणि हे घर, ज्यात आम्ही बसलोय, तेही जांभळं.
"म्हणजे मी अफवा," ती म्हणाली,
आणि चष्मा पुसायला घेतला.

अकराच्या नकाशात उत्तरेकडून एक ओढा उतरतो.
निळी, तिरकी अक्षरं: विडो फोर्क.
विधवेचा ओढा.
अठ्ठावन्नात तीच वळणं, तीच उतरण,
नाव विलो फोर्क.
वाळुंजाचा.
कुणाचा कान चुकला,
की कुणा कारकुनाला बाई अडचणीची वाटली, झाड चाललं.
लिओटाची आजी विडोच म्हणायची.
कोण विधवा?
"विचारलंच नाही. मी सात वर्षांची,
मला पोहायला जायचं होतं."

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही
ऋजुताचं भलतंच काही झालंय.
बदलून घ्यायला अर्ज लागतो.
नऊ वर्षं झाली.

मार्चमधल्या एका ओल्या सकाळी आम्ही निघालो.
गाडी गेली तिथवर गाडी, पुढे तिची काठी.
ओढ्याचे दोन्ही काठ मी नीट पाहिले:
सिकमोर, भूर्ज, गंजलेली तार.
वाळुंज एकही नाही.

तुटक रेघ संपते तिथे चौकोन हवा होता.
भिंत नव्हती, धुराड्याचा दगडही नव्हता.
डॅफोडिल होते,
पिवळे, सरळ ओळीत.
आपणहून रानात कुणी सरळ ओळीत उगवत नाही.
ओळ बारा पावलं गेली, काटकोनात वळली,
आणि मधे दाराएवढी जागा सोडलेली.

लिओटा त्या जागेतून आत गेली,
आत म्हणजे गवतात.
जाण्याआधी पाय पुसल्यासारखे केले.
चिखल असेल.

विहीर मागच्या अंगाला, पत्र्याखाली.
सवयीनं मी बाटली सोडली.
फार खाली जाऊन ती टेकली.

अर्जावर रकाना असतो: विहीर कुणाची.
मी विडो लिहिलं, मधलं अक्षर दोनदा गिरवून.
सोमवारी प्रयोगशाळेतून फोन:
"विलो म्हणायचंय ना तुम्हाला?"
नाही म्हटलं.
पलीकडची पोरगी म्हणाली, एकेक अक्षर सांगा.
सांगितलं, सावकाश,
जसं नवीन माणसाला माझं नाव सांगते.

गुरुवारी निकाल आला: पिण्यास अयोग्य.
नाव बरोबर होतं.
लिओटानं तो कागद फ्रिजवर लावलाय,
नातवंडांच्या फोटोंच्या जरा वर.