सत्तर-पस्तीस

एजंट हेमराज म्हणतो, काका, उद्या इस्त्रीचा शर्ट नको.
तुम्ही भाडेकरू वाटतच नाही,
घर विकत घ्यायला आल्यासारखे उभे राहता.
मी हसतो.
गंगापूर रोडच्या फ्लॅटला बँकेने सील लावलं
तेव्हाही हाच शर्ट होता अंगात.

पाथर्डी फाट्याला सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं.
इंदिरानगरला: शाकाहारी ना? मुलं किती? गाडी कुठली?
गाडी नाही, म्हटलं.
'होती' ओठांवर आलं होतं,
वैजूने कोपराने आत ढकललं.
जेलरोडच्या मालकाने सिबिल स्कोअर विचारला,
पूर्वी गोत्र विचारायचे
त्याच आवाजात.

कोर्टात माझं नाव नादार.
तसा अर्ज दिलाय वकिलाने.
शब्द ऐकायला वाईट नाही,
कुणी तबलजी असावा असा.
खाली यादी: ओव्हन एक, कॉम्प्रेसर दोन,
स्प्रे गन सहा, पैकी चालू चार,
भिंतीवरचं घड्याळ, बंद.
देणी दुसऱ्या पानावर सुरू होतात
आणि अकराव्या पानावर दमतात.

मग सिडको. पवननगरच्या आतली गल्ली,
मूळच्या दोन खोल्यांवर चढवलेला मजला.
निकुंभबाई दारात
ओला कचरा एका हातात, सुका दुसऱ्यात,
गुडघ्याला पट्टा, घंटागाडीची वाट बघत.
वर जाऊन बघा, म्हणाल्या, मला जिना होत नाही.

ग्रिलला हात लागला
आणि हाताला आधी कळलं.
फिका राखाडी. शेड सत्तर-पस्तीस.
अंबडची आमची शेड, एकशे ऐंशी डिग्री, दहा मिनिटं,
आणि कोपऱ्यावर पावडर जरा जाड,
कारण रघू कोपऱ्यात नेहमी गन रेंगाळवायचा.
नऊ वर्षं झाली याला, खालून बाई म्हणाल्या,
पोराच्या लग्नाच्या वेळचं. हे होते तेव्हा.

खोलीत वैजू पावलांनी लांबी मोजत होती.
खिडकीखाली थांबली.
शिवणयंत्र, एवढंच म्हणाली.

कामाला कुठं असता भाऊ?
हेमराजने माझ्या चपलेवर चप्पल ठेवली.
तरी मी सांगितलं:
कारखाना होता, बुडाला, कोर्टात आहे,
सात हजार देईन, डिपॉझिट एकाच महिन्याचं,
तेही दोनदा करून.
नेमकी तेव्हाच घंटागाडी वळली गल्लीत
गाणं लावून.
काय म्हणालात?

मग पुन्हा म्हणालो. मोठ्याने.
समोरच्या गॅलरीतली बाई टॉवेल झटकायची थांबली.
दुसऱ्यांदा म्हणताना
ते सगळं जरा आखूड झालं होतं,
'बुडाला' पाशी श्वास घ्यावा लागला नाही.

निकुंभबाईंनी डबे रिकामे केले.
नळाखाली हात धुतले, सावकाश, पदराला पुसले.
आमच्या ह्यांनीही एकाला जामीन म्हणून सही दिली होती,
म्हणाल्या, आणि पुढचं सांगितलं नाही.
पाणी साडेपाचला येतं, अर्धा तास.
मोटर लावायची नाही. भिंतीला खिळा नाही.
पोराला विचारते, तो रात्री करतो फोन.

ग्रिलचं मी बोललो नाही.
निघताना फक्त कोपऱ्यावर नखाने खरवडलं,
माल पाठवण्याआधीची सवय.
निघालं नाही.

त्रिमूर्ती चौकापर्यंत हेमराज गप्प होता.
मग म्हणाला, काका, बदली झाली म्हणायला
काय पैसे पडतात का?

आता पावणेअकरा.
नाशिकरोडला मेव्हण्याच्या हॉलमध्ये
गादीच्या कडेला फोन उताणा ठेवलाय.
आलेला नाही.
वैजू उशीजवळ तिचा फोन चाचपते,
सव्वापाचचा गजर लावते.
अगं, इथे तर टाकी आहे, मी म्हणतो.
माहितीये, म्हणते,
आणि कूस बदलते.