डावीकडच्या

नई सडकेवर गोलानी सांगतो,
येतेय म्हणे नवी, तीच चोवीस ते सत्तर,
मार्चमध्ये, फार तर पाडव्याला.
कोणी सांगितलं? दिल्लीच्या डिस्ट्रिब्यूटरने.
त्याला कोणी सांगितलं, ते गोलानी विचारत नाही,
चहात बिस्किट बुडवून धरतो, तुटेपर्यंत.

वजन पाव किलोने कमी.
नळी बाहेर येणार नाही, आतल्या आत सरकेल,
म्हणजे चंबळची ती पिठासारखी माती
काचेमागे जाऊन बसणार नाही.
आणि कडा. कडेपर्यंत साफ, म्हणतो,
कोपऱ्यातलं बारीक अक्षरसुद्धा वाचून घ्या.

माझी पंधरा वर्षांची.
रबर सैल झालं म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय.
पन्नासच्या पुढे रुतते, जुन्या नळासारखा जोर लावावा लागतो,
तेवढ्यात हार गळ्यात पडून गेलेला असतो.
जानेवारीत ग्वाल्हेरच्या धुक्यातून हॉलमध्ये शिरलं की
दहा मिनिटं आंधळी. मी तिला स्वेटरच्या आत धरून उभा,
मांजराचं पिल्लू आणल्यासारखा.
हे नवीचंही होणार.

हिशोब केला. जुनीचे पस्तीस हजार, गोलानीने धरले तर.
उरलेले म्हणजे अकरा लग्नं,
किंवा नऊ लग्नं आणि एखादी पंचाहत्तरी, मुलगा अमेरिकेत असलेली.
वजनाचं खरं मानू, खांद्याला पटतं.
धुळीचं निम्मं मानू.
कडेचं मात्र

कडेला कोण असतं, मला माहीत आहे.
मधे नवरानवरी, मग आईवडील,
मग भोपाळहून गाडी करून आलेले.
मी हात हलवत राहतो, अजून आत, अजून थोडं आत,
आणि शेवटी येऊन उभे राहतात
दतियाचा मावसा, आचाऱ्याला बोलवायला गेलेला भाचा,
आणि वेणूताई पागनीस. नेहमी डावीकडे, खांबाला लागून.

माधोगंजातून एकदा त्या फोटो घेऊन आल्या.
पिशवीतून काढला, काउंटरवर ठेवला,
स्वतःवर बोट ठेवलं.
हे असं का?
ओल्या हाताने पुसल्यासारखा चेहरा,
केसांच्या कडेने एक जांभळी रेघ.
मी म्हटलं, लेन्सचं असतं ताई, कोपऱ्यात असंच येतं.
हो का, म्हणाल्या.
मग बराच वेळ बाकीचे चेहरे बघत राहिल्या.
यांचे छान आलेत हं.

नवी आली तर विटांच्या भिंतीवर नाही तपासणार,
वर्तमानपत्राच्या पानावरही नाही.
वेणूताईंना बोलवीन. खांब मी शोधीन.

पण खरं म्हणजे
त्या दिवशी आकडा दोन पॉइंट आठवर होता.
आठवर नेला असता तर याच लेन्सने कोपरा दिला असता.
एक फ्लॅश जास्त लावायचा, माणसांना मिनिटभर थांबवायचं.
पण पंगत बसत होती, यजमान घड्याळ बघत होते,
आणि मलाही भूक लागली होती,
जिलबी गरम होती.

हे गोलानीला सांगत नाही.
विचारतो, बुकिंग घेतोस?
नाव लिहून ठेवतो, पैसे नंतर, म्हणतो.
वहीत लिहितो, रेगे, लश्कर. पुढे प्रश्नचिन्ह.

रविवारी फालका बाजारात मुंज आहे.
ट्यूबचा नवा तुकडा कापून आणलाय.
यजमानांना फोनवर विचारलं, वेणूताई येणार आहेत ना?
कोण?
त्या डावीकडच्या, मी म्हटलं.