लादी

फोंतेन्यासच्या उतारावर
कायतान लाद्यांवर घरांची नावं लिहितो.
"निळा कुठाय?" मी विचारलं.
ब्रशाखाली सगळं राखाडी, मळकट.
"आत गेल्यावर दिसतो." भट्टीकडे बोट.
"तोवर ओल्या बोटानं पुसता येतं.
मग घर पडलं तरी अक्षर राहतं."

कागदावर दोन नावं: माझं, बायकोचं.
तिसऱ्याला, शाणूला,
बाबांच्या बाराव्याला, ओसरीवर, सगळ्यांदेखत
मी म्हटलं होतं, पोसका.
त्यानं कप विसळून पालथा घातला,
चपला घातल्या.
बावीस वर्षं झाली.
निळा उतरत नाही.

"काय लिहू?" कायताननं ब्रश बुडवला.
कागद माझ्या घामानं मऊ झालेला.

"तीन नावं," मी म्हणालो.
"पहिलं शाणू.
बाणातला ण.
उकार दीर्घ."