साडेतीन तारे

एकोणनव्वद साली म्हापशाच्या एका हॉलमध्ये
मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात
एका शब्दात निकालात काढलं: गोंगाट.
तेओतोननं ते कात्रण
गिटारच्या पेटीत आतून चिकटवलं.
अजून आहे. पिवळं पडलंय,
माझं नाव मात्र वाचता येतं.

आता त्यांचा अकरावा अल्बम. नाव 'ओहोटी'.
'मिठागर'मध्ये चौघांपैकी तिघंच उरलेत:
तेओतोन, फिलोमेना, आणि ड्रमवर शाणू पेडणेकर,
ज्याचा उजवा खांदा दर गाण्यानंतर
बर्फ मागतो.
कायतान दोन वर्षांपूर्वी गेला.
त्याची बेस कुणी वाजवलेली नाही.
तिथं नुसती जागा सोडलीय,
बाकावर कुणासाठी सरकून बसावं तशी.

परीक्षणं आली.
मुंबईच्या साप्ताहिकानं लिहिलं: पूर्वीसारखे राहिले नाहीत.
बंगळूरच्या एका पोरानं: अजून पूर्वीसारखेच, हीच अडचण.
एकानं 'धाडसी' म्हटलं, जसं आपण
आजाऱ्याला 'बरा दिसतोस' म्हणतो.
मडगावच्या पत्रात छापून आलं की चौथं गाणं
म्हणजे मिक्सरमध्ये अडकलेला चमचा.
फिलोमेनाला हे फार आवडलं. तिनं फोन करून मला विचारलं,
चमचा कळला त्याला,
मग स्टीलचा की पितळी, ते का नाही लिहिलं?

मी साडेतीन तारे दिले.
अर्धा का कापला, सांगता येणार नाही.
चार दिले असते तर मैत्री दिसली असती,
तीन दिले असते तर माझं वय.
शेवटच्या गाण्यावर मात्र जीव ओतून लिहिलं:
चौदा मिनिटं, शब्द नाहीत,
ताणत नेलेली एकच तार,
खाली चिखलात बुडबुडे, आणि अगदी शेवटी
एक लाकडी दार धाडकन बंद होतं.
'एका पिढीचं दार मिटलं,' मी लिहिलं,
'पाणी निघून गेलं. हे निरोपाचं गाणं.'
वाक्य मला आवडलं होतं. संपादकालाही.
त्यानं ते चौकटीत टाकलं.

रविवारी आजोशीला गेलो.
तो आवाज तिथं टिपला, असं कव्हरच्या पाठीमागे
बारीक अक्षरांत आहे.
खाजन, बांध, बांधावर मानस,
आणि मानशीवर जाळं झटकत बसलेला इनास.
ही मंडळी चार रात्री त्याच्याच खोपीत
मच्छर मारत राहिली होती.
मी त्याला फोनवर गाणं ऐकवलं, पुरती चौदा मिनिटं.
मध्ये तो एकदाच हलला,
विडी विझली म्हणून.
दार वाजलं. तो म्हणाला,
'भरती.'
मी म्हटलं, ओहोटी. अल्बमचं नावच ते.
'नांव किदेंय आसूं.
सुकतेवेळार दार उकतें आसता, बाब.
पाणी चडपाक लागलें काय आपशींच धांपता.'

म्हणजे जाणारं पाणी
उघड्या दारातून निमूट जातं.
ठोका वाजतो तो नदी परत फिरते तेव्हा.
मी बांधावर उभा राहून तो ऐकायची वाट पाहिली.
संध्याकाळी पाचला वाजला.
मोठा नव्हता.

संपादकाला फोन केला, दुरुस्ती छापा.
तो म्हणाला, परीक्षणात चूक नसते, मत असतं.
शिवाय मंगळवारी जागा नाही,
वीज खात्याची अर्धं पान जाहिरात आहे.

तेओतोनला विचारलं, तुला ठाऊक होतं?
तो म्हणाला, कायतानचा बाप मानशीवरच होता.
बाकी काही नाही.
मग पेटी उघडून त्यानं माझं नवं कात्रण काढलं,
'गोंगाट'च्या खाली लावून पाहिलं,
बोटानं डिंक फासला.
कागद सरळ बसेना.
मी एक कोपरा दाबून धरला.