नग एकशे तेरा

शिकलगार आणि मंडळी, मंगळवार पेठ,
जुन्या बाजाराच्या मागची गल्ली.
तिथं मी एकतीस वर्षं रजिस्टर लिहिलं.
नग, नळीचा नंबर, वजन, कोणाला दिली, कशासाठी.
चौकीतून दर महिन्याला माणूस यायचा,
चहा प्यायचा, रकाने मोजायचा, सही ठोकायचा.

पहिलं रजिस्टर माझ्या आधीचं.
त्यातून पानशेतचं पाणी गेलेलं;
गिऱ्हाइकांच्या नावांचे निळे डाग झालेत.
बंदुकांना काही झालं नाही.
त्यांना ग्रीस लावलं होतं, आपल्याला कोण लावणार,
असं नबीलालचे वडील म्हणायचे.

हे लोक मूळचे तलवारींना धार देणारे.
तलवारी भिंतीवर गेल्या, तसे हे ठासणीच्या बंदुकांकडे वळले,
मग बारा बोअर, एकनळी, दुनळी.
रकाना पाच: रानडुकरांसाठी.
रानडुकरांसाठी.
रानडुकरांसाठी.
एकदा मी ‘लग्नात बार काढायला’ असं लिहिलं,
तर फौजदारानं खोडायला लावलं.

मी लागलो त्याच वर्षी नग बावन्न परत आला.
घोड्याला मुद्देमालाची चिठ्ठी, दोऱ्यावर लाखेचं सील.
साहेबांनी नंबर विचारला, मी पान उघडलं,
रकाना पाच वाचून दाखवला.
कोणी काही बोललं नाही.
म्हाताऱ्यानं त्या दिवशी लेथचा पट्टा चढवला नाही,
नबीलाल दारात बसून
खिळे सरळ करत राहिला संध्याकाळपर्यंत.

नग एकशे तेरा ही रायफल. वजन सात किलो दोनशे.
परवानगीचे कागद सात वर्षं हिंडले
मुंबई, दिल्ली, परत मुंबई;
तोवर नळीचं पोलाद कोपऱ्यात उभं,
पावसाळ्यात आम्ही त्याला छत्र्या टेकवायचो.

मग पीळ कापला. सोळा इंचांत एक पूर्ण फेरा.
मी म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
नबीलाल म्हणाला,
कुंटे, इथं सुंभ नाहीच, नुसता पीळच आहे.
शिशाचा बोळा, तेल, बारीक पावडर,
नळीतून आत, बाहेर, आत,
दिवसाला दोनशे वेळा, साडेतीन महिने.
डोळ्यांत मोतीबिंदू. पण हात मध्येच थांबायचा,
‘इथं अडतंय.’
मला त्या भोकात फक्त पलीकडची खिडकी दिसायची.

एवढी जड कशाला, विचारलं.
‘हलकी वस्तू मनाबरोबर हलते.
हिला हलवायला नाडीला कष्ट पडले पाहिजेत.’

फुरसुंगीची केशर भोईटे, कातडी जाकिटात
कडक होऊन उभी, बालेवाडीच्या रेंजवर.
पन्नास मीटर. दहाचं वर्तुळ काबुली चण्याएवढं,
त्याच्या आत आणखी एक, मिरीएवढं.
दोन ठोक्यांच्या मधे जी जागा असते
तिथं ती बोट आवळायची.
पाच गोळ्या.
नबीलालला कागद दिसेना;
त्यानं भोकात करंगळीचं नख घातलं,
कडेनं फिरवलं.
‘एकच?’
एकच, मी म्हटलं.
तो तेवढ्यावरच उठला आणि वडापाव आणायला गेला.

पुढच्या निवडणुकीत आचारसंहिता लागली,
चौकीनं सगळे नग जमा करून घेतले.
एकशे तेरा गोणपाटात गुंडाळून
मी रिक्षानं नेली, मांडीवर आडवी धरून,
कोणाचं तरी झोपलेलं पोर धरावं तशी.
ती पावती माझ्या खिशात असताना नबीलाल गेला.

सोडवायला गेलो तेव्हा नवीन साहेब होता, पोरगेलासा.
रजिस्टर बघून म्हणाला, आजोबा,
हा रकाना कोरा कसा?
मी त्याचंच पेन मागितलं.
कागदाला भोक पाडण्यासाठी, असं लिहिलं.
‘सात किलो? कागदासाठी?’
हो, म्हटलं.
त्यानं रायफल उचलून पाहिली,
दोन्ही हातांनी खाली ठेवली,
आणि सही करताना
जरा जास्तच जपून केली.