आटणं

पहाटे साडेचारला परमेश्वर खताळ
पुलावर गाडी थांबवतो,
दोन्हीकडच्या किटल्यांची झाकणं उघडतो
आणि थोडीशी मांजरा आत घेतो.
सगळ्या पेठेला ठाऊक आहे.
लॅक्टोमीटर बुडवून सोजरबाई म्हणते,
‘परमेश्वरा, नदीला आज पाणी बरंच दिसतंय.’
तो हसतो. ती लिटरमागं दोन रुपये कापते.

मी तिच्या भट्टीवर वही लिहितो.
सहा कढया. दोनांना मोटर बसली,
उरलेल्या चार बाया हलवतात,
आणि पाच लिटरचा एक किलो होईस्तोवर
कुणी मान वर करत नाही.
डावीकडं दूध लिहायचं, उजवीकडं खवा.
मधली वाफ कुठंच लिहायची नसते;
ती पत्र्याला लागून परत ठिबकते
माझ्या अक्षरांवर.

मंगळवारी पुलाखालच्या वाळूत म्हशी उभ्या राहतात,
शिंगांना तेल, गळ्यात नवी दावी.
गफूर दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो
आणि तोंडानं भलतंच,
लेकीच्या बाळंतपणाचं सांगत राहतो.
सरकी-पेंडीच्या पोत्यावर बसून
कुणीतरी आख्खं कलिंगड एकटाच खातो.

गावात चहा मात्र कोरा.
स्टँडवर पाहुण्यानं दूध मागितलं
की पोऱ्या बार्शीच्या एसटीकडं बोट करतो:
टपावर खव्याच्या पाट्या, वर ओलं फडकं.
‘ते काय, निघालंय.’

चैतात सोजरबाईची घरची म्हैस आटली.
त्याच आठवड्यात पुलाखालचा डोह आटला.
दोन्ही वेळा ती एवढंच म्हणाली, ‘आटली’, ‘आटला’,
आणि मग कढईत डोकावून, त्याच आवाजात,
‘आटलंय. उतरवा.’
शब्द तोच. ह्या खेपेला त्यात पैसे होते.

दुसऱ्या दिवशी लॅक्टोमीटर
वर येऊन तरंगला, जसा कधीच तरंगला नव्हता.
तिनं पुसून परत बुडवला. परत वर.
परमेश्वर किटलीच्या कडीशी चाळा करत म्हणाला,
‘घालू काय, मावशी?’

तिनं मला पुरा भाव लिहायला लावला.
मग पदराला हात पुसत दारात गेली
आणि पुलाकडं बघत उभी राहिली,
इतका वेळ
की मागं तिसऱ्या कढईतून
बुडाला लागल्याचा वास यायला लागला
आणि कुणी बोललं नाही.