अठरा

सूरच्या इस्पितळात रात्री तीनला
पाच नंबरचे म्हातारबा शांत पडलेत.
हीच माझी तक्रार.

काल याच माणसानं पलंगाची कड वितीनं मोजून
पलंग तिरका आहे म्हणून मला दोनदा सुनावलं होतं.
साठ वर्षं गलबतं बांधलेला सुतार,
खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस,
आणि चहात वेलची नाही म्हणून पेला परत.
आज काहीही विचारा, उत्तर एकच: झेन. छान.
दुखतंय? झेन. पाणी देऊ? झेन.
बोटं मात्र चादरीवरून
नसलेलं काहीतरी वेचतायत.

मॉनिटर माझ्या बाजूचा नाही.
बीपी बरा, ऑक्सिजन चौऱ्याण्णव, ताप म्हणावा असा नाही.
तक्त्यावर श्वासाच्या रकान्यात चार पाळ्या
ओळीनं अठरा, अठरा, अठरा, अठरा.
त्यातला एक माझ्याच अक्षरात.

मिरजेला थोरबोले ट्यूटर म्हणायच्या,
अठरा हा श्वास नव्हे गं, आळस आहे.

नाडी बघतेय असं दाखवत मनगट धरलं,
कारण श्वास मोजतायत हे कळलं की
माणूस शहाण्यासारखा श्वास घेतो.
पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहिलं.
अठ्ठावीस.
नख दाबून सोडलं. गुलाबी परतायला चार सेकंद.
चार फार होतात.
चादर सरकवली तर गुडघ्यांवर जांभळट जाळी.
कुठंतरी पाणी मुरत होतं.

फोनवर डॉक्टर इद्रिस, आवाज उशीतला:
आकडे तर ठीक आहेत, सिस्टर. सहाला बघू.
काल भांडत होते, आज भांडत नाहीत,
हे इंग्रजीत सांगायला गेलं की पोकळ वाजतं.
म्हणून आधी अठ्ठावीस सांगितलं, मग चार, मग गुडघे,
मग लघवीची पिशवी, सहा तासांत नव्वद,
आणि आवाज न चढवता:
तुम्ही या. मी चुकले तर चुकले.

आले. शर्ट उलटा.
त्यांनीही तेच मनगट धरलं
आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग ट्रॉली, मुलाला फोन, लिफ्टचं दार.
चादर काढताना पाहिलं,
पलंगाची कड खरंच तिरकी आहे.

सातची बस. आयसीयूचा फोन एंगेज, पुन्हा एंगेज.
शेजारी लिन्सी मान टाकून झोपलेली.
बाहेर खाडीकाठी अर्ध्या गलबताच्या फासळ्या.
सेकंदकाट्यावर नजर ठेवून
मी तिचे श्वास मोजले.
चौदा.
पूर्ण मिनिट.